एकादशी, दुप्पट खाशी : रत्नागिरी, धो धो पाऊस आणि जुलैतलं पापलेट

ओला_टॉवेल
मंडळी, एक घरगुती वाद आहे, निकाल तुम्ही लावायचा.

लग्नाचा आठवा वाढदिवस म्हणून मी आणि बायको दोन दिवस रत्नागिरीला जाऊन आलो. पोरीला आजीकडे ठेवलं. पावसाळ्यात कोण जातं रत्नागिरीला, असं निम्म्या सोसायटीने विचारून झालं, पण आंब्याच्या दिवसात रूम मिळत नाही आणि दिवाळीत परवडत नाही, मग उरलं काय, जुलै. ठाण्याला मांडवी एक्सप्रेसमध्ये बसलो आणि तिथूनच खायला सुरुवात, कारण त्या गाडीत दर दहा मिनिटांनी कोणीतरी काहीतरी गरम घेऊन जातं आणि मला नाही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी प्लॅन असा होता की सकाळी थिबा पॅलेस, मग रत्नदुर्ग, दुपारी जेवण, संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर सूर्यास्त. सकाळी खिडकी उघडली तर समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. पाऊस वरून पडतच नव्हता, बाजूने येत होता. छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी झाली, रिक्षावाला म्हणाला किल्ल्यावर जाऊन काय ढग बघणार का. मग ठरवलं की आज फक्त खायचं.

आठ वाजता घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, त्यावर गवती चहा घातलेला दोन दोन कप चहा. दहाला टिळक आळीत टिळकांच्या जन्मघराला पाय लावून आलो, तेवढंच काय ते पर्यटन, आणि येताना गरम बटाटवडा. अकराला तो वडा जिरावा म्हणून कोकम सरबत. दीड वाजता जेवण, आणि तिथे वाद झाला.

मी म्हटलं कोकणात आलोय तर पापलेट. बायको म्हणाली जुलैत पापलेट खाऊ नकोस, बंदी असते, बर्फातलं देतील. वेटरला विचारलं, ताजं आहे का? तो म्हणाला 'एकदम फ्रेश साहेब, सकाळचंच.' साडेसातशे रुपये. चव ठीक होती, मसाला छान होता. बायको म्हणते फसलास. मी म्हणतो समुद्र हॉटेलपासून दोन किलोमीटरवर आहे, तिथे शिळा मासा कशाला देतील? ती रागावून तिथे काही जेवलीच नाही, नंतर बस स्टँडजवळ एका काकूंच्या खानावळीत कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा खाल्ला आणि तेव्हापासून मला रोज ऐकवते.

संध्याकाळी म्हटलं चला निदान एक एक बीअर घेऊ, बाहेर पाऊस, आत आपण. तर सगळं बंद. आषाढी एकादशी, ड्राय डे. वाढदिवस इंग्रजी तारखेने धरायचा हा तोटा.

तर प्रश्न : मी फसलो का? आणि पुढच्या वेळी अशा दिवशी रत्नागिरीत काय खावं-प्यावं?

पागोळी
एकादशीला पापलेट. सासूबाईंना कळलं का?

ओला_टॉवेल
पागोळी, हा धागा त्या वाचत नाहीत अशी आशा आहे.

कुर्लीवाला
अरे बाबानू, तुमची बायको बरोबर बोलता. आमच्याकडे ह्या दिवसात सुको बांगडो चुलीत भाजून पेजेवांगडा खातत, पापलेट कोण विचारता?

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीला बंदी असते, ६१ दिवस. एक तर समुद्र खवळलेला असतो आणि दुसरं म्हणजे हे बऱ्याच माशांचे अंडी घालायचे दिवस. ट्रॉलर सगळे बंदरात शाकारून ठेवलेले असतात. तुम्ही पावसात मिरकरवाड्याच्या बंदरात चक्कर मारली असतीत तर तुम्हाला स्वतःलाच दिसलं असतं, ओळीने होड्या उभ्या, वर ताडपत्र्या, खाली बसून जाळी विणणारे लोक. मग 'सकाळचंच' पापलेट आणलं कोणी, पोहून आलं?

शास्त्रापुरता
कुर्लीवाले, एक दुरुस्ती. बंदी यांत्रिक होड्यांना आहे, बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना नाही. त्यामुळे खाडीतला आणि अगदी किनाऱ्यालगतचा मासा थोडाफार बाजारात येतो. सरसकट 'जुलैत ताजा मासा नसतोच' म्हणणं चूक.

कुर्लीवाला
मान्य. पण त्या होडीत पापलेट येतं का? खाडीत बोय मिळेल, कालवं मिळतील, कुर्ल्या मिळतील. ताटभर पापलेट, तेही मेनूकार्डावर छापून वर्षभर एकाच भावाने, नाय.

दर्यावर्दी_निवृत्त
मी बर्फ कारखान्याच्या धंद्यात होतो त्यामुळे थोडं लिहितो.

टॉवेलराव, पूर्व किनाऱ्यावरची बंदी आपल्या आधी असते, १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे आपल्या होड्या बांधलेल्या असतात तेव्हा तिकडच्या समुद्रात निघालेल्या असतात. तो माल बर्फात भरून ट्रकने इकडे येतो. तुमचं पापलेट एक तर बंगालच्या उपसागरातलं असेल, नाहीतर मे महिन्यात कोल्ड स्टोरेजला ठेवलेलं आपलंच. दोन्ही विषारी नाहीत, घाबरू नका. बर्फ नीट असेल तर मासा खाण्यालायक राहतो. पण 'सकाळचंच' हे खोटं, म्हणजे सकाळीच फ्रीजरमधून काढलं असेल तर खरंही म्हणता येईल.

ओळखायचं कसं ते विचाराल. कच्चा असेल तर डोळा बघा, फुगीर आणि चकचकीत हवा, कल्ला उघडून लाल आहे का ते बघा, बोटाने दाबलं की खड्डा राहता कामा नये. तळलेल्या माशाचं हे काहीच बघता येत नाही, रवा आणि लाल मसाल्याच्या आत काय काय लपतं. पण तोंडात कळतं. ताज्या माशाचे मोठे मोठे पदर सुटतात आणि ते ओलसर असतात. बरेच दिवस गोठवलेला असेल तर मधला भाग चोथ्यासारखा लागतो, कापूस चावल्यासारखा. तुम्ही लिहिलंय 'मसाला छान होता'. मासा छान होता असं तुम्हीच लिहिलेलं नाही.

ओला_टॉवेल
दर्यावर्दीकाका, शेवटचं वाक्य बायकोला दाखवलं. चूक केली.

पागोळी
मसाला छान होता 😂😂

देवरुखची
आम्ही शाकाहारी, त्यामुळे पापलेटाच्या कोर्टात साक्ष देत नाही. पण तुमच्या मूळ प्रश्नाचा दुसरा भाग सगळे विसरले, पावसात काय खावं. अहो, कोकणात खरं खायचे दिवस हेच. आंबा काय, हल्ली डबाबंद बारा महिने मिळतो.

पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत टाकळा येतो. रस्त्याच्या कडेला, जांभ्याच्या गडग्याखाली, कुठेही. कोवळी पानं तेवढी खुडायची, मोठी झाली की कडवट होतात. माझी आजी त्यात मे महिन्यात धुऊन वाळवून राखेत ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या घालायची, ठेचून, आणि वरून ओलं खोबरं. मग भारंगी, फोडशी, कुर्डू, नंतर करटोली. अळूचं फदफदं तर रोजच. बाजारात डोक्यावर इरलं, हल्ली प्लास्टिक, घेऊन बसलेल्या बायका असतात त्यांच्याकडे जुड्या मिळतात, कशी करायची तेही त्याच सांगतात, रेसिपी फुकट. हॉटेलात यातलं काहीही मिळणार नाही, कारण निवडायला वेळ लागतो. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर करून देतात.

आणि हळदीची पानं आली असतील तर पातोळे. पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर, मधे गूळखोबरं, पान दुमडून वाफवायचं. पान सोडवताना जो वास येतो त्यासाठी मी दर पावसाळ्यात पुण्याहून माहेरी जाते, नवऱ्याला वाटतं आईला भेटायला जाते.

भुकेला_एकटा
देवरुखची ताई, हे वाचून ऑफिसमध्ये डबा उघडला, पोळी आणि दुधी.

चढणीचा
कोणीच चढणीच्या माशांचं नाव काढलं नाही? पहिल्या मोठ्या पावसात नदीचे मासे ओहोळातून उलटे शेतात चढतात, रात्री बत्ती घेऊन आम्ही पोरं जायचो, गुडघाभर चिखल, एकाची चप्पल गेली की दुसरा तीच शोधत बसणार आणि मासे पळणार. सकाळी आई तिरफळ घालून आमटी करायची. साडेसातशेचं पापलेट त्याच्या पासंगाला पुरत नाही.

शास्त्रापुरता
चढणीचा, आठवण छान आहे पण ते मासे अंडी घालायलाच वर चढतात. पोटात गाबोळी भरलेली असते. समुद्रात आपण ६१ दिवस बंदी पाळतो आणि ओहोळात नेमके तेच मासे वाटेत अडवून मारतो. आमच्या गावात आता वीस वर्षांपूर्वीच्या पावपट पण मिळत नाहीत.

चढणीचा
तुमचा मुद्दा कळतो. पण आम्ही एक वाडी चार टोपल्या धरायची. नदीत ब्लिचिंग टाकणारे, शॉक लावणारे, वाळू उपसणारे, त्यांना आधी सांगा.

शास्त्रापुरता
त्यांनाही सांगतो. मार खाता खाता वाचलोय एकदा.

चढणीचा
मग तुम्ही आपले. या कधीतरी गावाला, मुठे म्हणजे शेतातले खेकडे खिलवतो, त्यांच्यावर तरी आक्षेप नाही ना?

शास्त्रापुरता
पिल्लंवाली मादी सोडायची. बाकी येतो.

मीटरप्रमाणे
थिबा पॅलेस राहिला म्हणून हळहळू नका. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, राजवाडा बांधून होईपर्यंत १९१० उजाडलं आणि १९१६ ला तो इथेच गेला. ३१ पावसाळे काढले बिचाऱ्याने. तुम्ही एकाच दिवसात कंटाळलात.

ओला_टॉवेल
कंटाळलो कुठे, खात होतो.

गणपत_गार्ड
थोडं अवांतर. मांडवी एक्सप्रेसचं नाव रत्नागिरीच्या मांडवीवरून आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. ते गोव्याच्या मांडवी नदीवरून आहे. आणि पावसात कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल लागतं, गाड्या हळू चालवतात, दरडींमुळे. त्यामुळे जुलैत त्या गाडीत खायला जास्त वेळ मिळतो, हा फायदाच.

तळीराम_नव्हे
पिण्याबद्दल कोणी बोलेना म्हणून बोलतो, धाग्याच्या प्रश्नात 'प्यावं' पण आहे.

१. नाही, आकडे नको, सरळ लिहितो. आषाढी एकादशी महाराष्ट्रात ड्राय डे असतो हे कॅलेंडरात बघून बुकिंग करायचं असतं हो. माझ्या मित्राने अनंत चतुर्दशीला बॅचलर पार्टी ठेवली होती, लिंबू सरबतावर झाली. दुसरं, लोक म्हणतात कोकणात गेलास तर फेणी घेऊन ये. फेणी गोव्याची, काजू फेणीला २००९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते गोव्याचं. तिकडून परमिटशिवाय बाटल्या भरून आणू नका, बांद्याच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात. आणि हुर्राक, म्हणजे काजूचीच पहिल्या धारेची दारू, तर काजूच्या हंगामातच, मार्च ते मे. जुलैत कोणी हुर्राक म्हणून काही दिलं तर ते पापलेटासारखंच समजा. माडी मात्र इथली, परवान्याचं दुकान बघून, आणि जितकी सकाळी तितकी गोड. दुपारनंतर आंबते आणि मग पावसात रस्ता सापडत नाही.

पागोळी
आयडी बदला, 'नव्हे' काढा.

तळीराम_नव्हे
अभ्यास म्हणून लिहिलं आहे.

आमसूल_आजी
बाळांनो, प्यायची म्हणजे सोलकढी. पण हॉटेलातली ती गुलाबी गुलाबी दिसणारी नाही, कित्येक ठिकाणी बीट घालतात रंगाला. खरी सोलकढी फिकट असते, जांभळट. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पावसाच्या आधी झाडावरून काढायला लागतात, पाऊस लागला की गेले. सालं वाळत घालायची, परत रसात बुडवायची, परत वाळवायची, असं चार-पाच दिवस केलं की आमसूल काळं होतं. आमचं अंगण मे महिन्यात सगळं लाल असायचं, पायाचे ठसे पण लाल. या वर्षी पाऊस मे मध्येच आला तर अर्धी सोलं बुरशी येऊन फुकट गेली, सुनेने ओव्हनमध्ये वाळवली. मी काही बोलले नाही.

नारळाचं दूध पहिलं आणि दुसरं दोन्ही घ्यायचं, लसूण, हिरवी मिरची ठेचून, मीठ. उकळायची नाही. एवढं पाळलं की झालं.

कुर्लीवाला
आजी, ओव्हनमधल्या आमसुलाची कढी कशी लागली?

आमसूल_आजी
चांगली लागली. सुनेला सांगू नका.

मुंबईचा_जावई
मी वेगळं मत मांडतो, शिव्या घाला. पावसात कोकणात जाण्याचं हे जे कौतुक चाललंय ते गाववाल्यांना आणि इन्स्टावाल्यांना ठीक. आम्ही मागच्या वर्षी गेलो तर रूममध्ये कपडे तीन दिवस वाळले नाहीत, उशीला वास, लाईट दिवसातून चार वेळा गेली, मुलाचे बूट अजून ओले आहेत असं वाटतं. खाणं चांगलं होतं, पण बायकोने आणि मी ते एकमेकांशी न बोलता खाल्लं. त्यापेक्षा डिसेंबर. ताजा मासा, कोरडा टॉवेल.

देवरुखची
जावईबापू, ओल्या उशीवर उपाय आहे, घरात शेगडीवर टोपली उपडी ठेवून त्यावर कपडे वाळवायचे. धुराचा वास लागतो पण तो आपला वास.

मुंबईचा_जावई
लॉजमध्ये शेगडी दिली तर विचार करतो.

मीच_ती_पिठीवाली
नमस्कार. नवीन आयडी काढला आहे, मीच ती बायको. नवऱ्याने रात्री दीड वाजता हसत हसत फोन दाखवला म्हणून पूर्ण धागा वाचला. काही गोष्टी त्याने सोयीस्कर गाळल्या आहेत.

एक, 'ती रागावून काही जेवलीच नाही' हे खोटं आहे. त्याच्या ताटातलं अर्धं पापलेट मी खाल्लं. ते काकांनी लिहिलंय तसंच होतं, कापूस. त्याने मसाला बोटाने पुसून खाल्ला आणि कडेची कुरकुरीत शेपटी, मधलं मला वाढलं, 'तू खा गं' म्हणून. मला वाटलं प्रेम.

दोन, खानावळीत तोही आला होता आणि त्याने पिठीचं दोनदा मागितलं. ते असं झालं. आम्ही स्टँडच्या कडेला पत्र्याखाली उभे होतो, पागोळ्या सरळ मानेवर, तेवढ्यात एका घराच्या दारात पाटी दिसली, 'जेवण मिळेल'. आत चार टेबलं. काकूंचा स्वतःचा उपास होता, म्हणाल्या 'आज गिऱ्हाईक नाही म्हणून काही केलेलं नाही, पिठी टाकते, चालेल?' मी स्वयंपाकघराच्या दाराशीच उभी राहिले. कढईत तेल, त्यात सात-आठ लसूण पाकळ्या सालासकट ठेचून, त्या लाल होईपर्यंत त्या थांबल्या, मी असते तर आधीच पाणी ओतलं असतं. मग हिंग, तिखट, लगेच पाणी, दोन आमसुलं. उकळी आली तशी वाटीत कालवलेलं कुळथाचं पीठ धार धरून सोडलं आणि दुसऱ्या हाताने पळी फिरत होती, गुठळी एक नाही. मग गॅस बंद करून मूठभर खोबरं. तोपर्यंत दुसऱ्या शेगडीवर जाळीवर बांगडा, शेपटीला धरून उलटला, वास असा सुटला की शेजारचं मांजर येऊन उंबऱ्यावर बसलं, ते ओलं, आम्ही ओले.

मी काकूंना पापलेटाचं विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'आता पापलेट ट्रकातून उतरतं गो, होडीतून नाही.' बांगडा त्यांनी एप्रिलमध्ये स्वतः मीठ लावून वाळवलेला होता, तेही सांगितलं, न विचारता. म्हणजे माझा मासा त्याच्या माशापेक्षा जुनाच होता बहुतेक. पण मला माहीत होतं.

दोघांचं मिळून बिल २४० झालं आणि निघताना त्यांनी आषाढ तळलेला म्हणून चार गोड वडे कागदात बांधून दिले, त्यांना एकादशीला चालत नाहीत म्हणाल्या, तुम्ही खा. ते मी गाडीत एकटीने खाल्ले.

दर्यावर्दी_निवृत्त
केस संपली.

पागोळी
मांजराला बांगडा दिला का?

मीच_ती_पिठीवाली
डोकं दिलं. दोन्ही.

भुकेला_एकटा
ताई, पिठीला कुळथाच्या पिठाचं प्रमाण किती? दुधी संपला.

मीच_ती_पिठीवाली
काकूंनी मोजलं नाही. मी घरी केली तेव्हा तीन वाट्या पाण्याला चार मोठे चमचे भरून पीठ घेतलं, सैलसर झाली. गार झाली की घट्ट होते, म्हणून आधी पातळच वाटायला हवी. आणि पीठ भाजलेल्या कुळथाचं घ्या, नाहीतर उग्र वास येतो.

आमसूल_आजी
बरोबर सांगितलंस गो. कांदा घालू नका कोणी.

चढणीचा
आम्ही घालतो कांदा.

आमसूल_आजी
म्हणून मासे कमी झाले.

ओला_टॉवेल
ठीक आहे, फसलो. शेपटीची गोष्ट मात्र मी सविस्तर समजावू शकतो.

पुढचा प्लॅन : नारळी पौर्णिमा होऊन आठवडा गेला की परत रत्नागिरी, होड्या सुटलेल्या असतील. तारीख ठरवताना ड्राय डे बघून घेतो. कुर्लीवाले, मिरकरवाड्याला सकाळी किती वाजता गेलं तर लिलाव बघायला मिळेल?

कुर्लीवाला
होड्या येतील तेव्हा. पिशवी घेऊन जा, मासा घ्या आणि सरळ त्या काकूंकडे न्या. आणि ह्यावेळी मधला तुकडा तुम्ही खा.